पारोळ्याच्या बँडनं वाजवलेला सातपुडा

वीस वर्षं मी सातपुड्यात चढलो-उतरलो आणि माझा गुडघा गेला तो घराच्या गच्चीवरून पापडांची खाट खाली आणताना. बायको म्हणत होती, थांबा, दोघं मिळून आणू. पण मी पडलो डोंगर चढणारा माणूस. खाट डोक्यावर घेतली आणि चौथ्या पायरीवर पाय मुरगळला. पापड सगळे वाचले. बायकोनं आधी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, हे मी अजून विसरलेलो नाही.

डॉक्टरांनी सहा आठवडे पाय सरळ ठेवायला सांगितला आणि डोंगराचं नाव वर्षभर काढायचं नाही असं बजावलं. मी धुळ्यात पाटबंधारे खात्यात नकाशे काढतो. डोंगरांच्या उंचीच्या रेघा काढण्यात माझी निम्मी नोकरी गेली, उरलेली निम्मी सुटीच्या दिवशी ते डोंगर चढण्यात. आता दोन्ही बंद. मी पलंगावर पडून छताच्या पोपड्यांत शिखरं शोधायला लागलो, तेव्हा पुण्याच्या लेकीनं मोठे हेडफोन पाठवले आणि फोनवर म्हणाली, “बाबा, चढता येत नाहीत ना, मग डोंगर ऐका.”

तिनं परदेशी वाद्यवृंदांची एक यादीच करून दिली. कुणी बर्फाच्या डोंगरावर रचना केलेली, कुणी दरीवर, कुणी पहाटेच्या रानावर. गाणं नाही, शब्द नाही. शंभर-सव्वाशे माणसं काळे कोट घालून बसतात आणि पाऊण तास एक डोंगर वाजवतात. पहिल्या दिवशी मला पायथ्याशीच झोप लागली. दुसऱ्या दिवशीही तिथंच. तिसऱ्या दिवशी मी चहा पिऊन बसलो आणि काहीतरी झालं. खाली खर्जात काहीतरी हललं, त्यावर हळूहळू बासऱ्या उघडत गेल्या, आणि शिंगांसारखी ती पितळी वाद्यं एकदम उभी राहिली, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. कड्यावर पोचल्यावर समोरची पुढची रांग दिसते ना, अगदी तसं.

त्यानंतर मी असह्य झालो. हे बायकोचे शब्द आहेत. पाय बघायला येणाऱ्या प्रत्येकाच्या कानांवर मी हेडफोन चढवायचो आणि समोर बसून हातवारे करत सांगायचो, आता ऊन पडतंय, आता झरा आला, आता बघा हां, वादळ. शेजारच्यांना मी ऑर्केस्ट्रा ऐकवतो म्हटल्यावर ते बिचारे जुन्या सिनेमाच्या गाण्यांच्या आशेनं आले आणि वीस मिनिटांनी दूध उतू जाईल म्हणून परत गेले. त्यांच्या घरी त्या वेळी दूध तापत नसतं. बायको स्वयंपाकघरातून विचारायची, “कुठवर चढलात? कणीक भिजवू, की अजून शिखर यायचंय?”

अशात एके दिवशी माझे धाकटे मामा पारोळ्याहून एसटीनं आले. येताना भरताची चार मोठी वांगी घेऊन आले, कारण त्यांच्या मते भरीत खाल्लं की हाडं सांधतात. मामांचा लग्नाचा बँड आहे. चौदा माणसं, लाल कोट, सोनेरी झालरी. मामा स्वतः क्लॅरिनेट वाजवतात, वय सत्तरच्या घरात, आणि अख्ख्या खानदेशातल्या नवरदेवांना घोड्यावर त्यांनीच चढवलंय असं त्यांचं म्हणणं. मला ते लहानपणापासून ‘साहेब’ म्हणतात. मी तेव्हा साहेब नव्हतो, आणि तसा आताही नाही.

मी त्यांना हेडफोन घातले. मामा डोळे मिटून ऐकू लागले. थोड्या वेळानं एक कान मोकळा करून म्हणाले, “हाई काय शे?”

“पहाट आहे, मामा. डोंगरामागून सूर्य वर येतोय.”

“माले तं म्हशी पानीमा उतरी ऱ्हायन्यात असं वाटस.”

बायको आत हसली. मी दुखावलो. त्यानं काही फरक पडला नाही, कारण मामांनी पुन्हा डोळे मिटले होते आणि आता त्यांची बोटं मांडीवर चालत होती. ही क्लॅरिनेट, हा युफोनियम, हे ट्रम्पेट, पण तोंडात काहीतरी कोंबलंय, असं एकेक वाद्य ते पुटपुटत ओळखत गेले. वादळ आलं तेव्हा त्यांची बोटं थांबली. संपल्यावर हेडफोन काढून त्यांनी उपरण्यासारखी त्यांची नीट घडी घालायचा प्रयत्न केला, ती होईना, तेव्हा ते उशीवर ठेवले.

“किती लोके शेत ते?”

“सव्वाशे तरी.”

“एक डोंगर वाजाडाले सव्वाशे!” मामा म्हणाले, आणि भरीत खाऊन दुपारच्या गाडीनं परत गेले.

दहा दिवसांनी त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही, सरळ विषयाला हात. “साहेब, आमना बी डोंगर शे ना रे? आमना काय गुन्हा शे?”

मामांना सातपुडा वाजवायचा होता. चौदा माणसांत. इतकी वर्षं यावल, रावेर, चोपड्याकडच्या लग्नांत वाजवताना तो डोंगर त्यांच्यासमोर उभाच होता, पण ते त्यावर कधी चढले नव्हते. पुंगी घेऊन मांडवापर्यंतच त्यांचा प्रवास. म्हणून मला फोन. मी आनंदानं पलंगावरच नकाशा पसरला आणि फोनवर सांगायला लागलो, पायथा इतका, पहिली धार इतकी, मग पठार, मग...

“नकाशा वाजाडता येस का?” मामांनी मला तोडलं. “तठे आवाज काय काय ऱ्हातस, ते सांग.”

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला सांगता येत नाही. पक्षी असतात, म्हणालो. कोणते, त्यांनी विचारलं. वारा असतो. कसा वाजतो? वीस वर्षांत कितीतरी वेळा गेलो, पण आमचा आठ जणांचा गट, चढताना बदल्या आणि बढत्यांच्या गप्पा, वर पोचलो की शेवेची पाकिटं आणि कुणाच्या तरी पिशवीतल्या छोट्या स्पीकरवर गाणी. सातपुड्यातली गाणी मला क्रमानं आठवत होती. सातपुडा आठवत नव्हता. मामांना हे कबूल करताना मला घाम फुटला. त्यांना मात्र फार आनंद झाला. पुढचे दोन महिने त्यांनी हे प्रत्येक नातेवाइकाला सांगितलं.

सहा आठवडे संपले, मी काठी घेऊन चालायला लागलो, आणि मार्चअखेरीस मामांनी बँडच्या गाडीत घालून मला चोपड्याच्या पुढे, पायथ्याच्या एका पाड्यावर नेलं. तिथल्या एका अक्काच्या मोठ्या मुलीच्या लग्नात मामांनी वाजवलं होतं, तेवढीच ओळख. अक्का पन्नाशीची, उंच, बोलायला कमी. घरात पावरी बोलायची, आमच्याशी अहिराणी. पावसावरची थोडी शेती, एरवी रानातला मोह, डिंक, आणि केळीच्या हंगामात सावद्याकडे मजुरी. संध्याकाळी पोचलो, भाकरी खाल्ली, झोपलो. उजाडायच्या आधी अक्का मोहाची फुलं वेचायला निघाली तेव्हा आम्ही तिच्या मागे निघालो. चढण नव्हतीच, घरामागचीच झाडं होती. मी काठी टेकत, मामा बगलेत क्लॅरिनेटची पेटी घेऊन.

झाडाखाली पोचल्यावर मी मामांना समजावू लागलो की आपल्या रचनेची सुरुवात पहाटेनं व्हावी, खालच्या सुरांतून हळूहळू वर जावं, आणि शेवटाकडे वादळ हवंच, कारण त्या लोकांच्यातही असतं. मामा म्हणाले, वादळ कशाला, मोर घ्या. मी म्हणालो, मोर सगळेच घेतात. मामा म्हणाले, सगळे घेतात कारण लोकांना कळतो. टोपली घेऊन वाकलेली अक्का सरळ झाली.

“तुम्ही लई बोलतस,” ती म्हणाली. “उगा बठा.”

सरकारी नोकरीत इतक्या वर्षांत मला कुणी इतक्या थोडक्यात गप्प केलं नव्हतं. आम्ही दोघं दोन दगडांवर बसलो. थोडा वेळ काहीच नाही. मग डाव्या हाताला काहीतरी टपकलं. मग मागे. मग एकदम दोन. मोहाची फुलं खालच्या वाळक्या पाचोळ्यावर पडत होती, एकेक, सावकाश, जाडसर. ती कधी पडतील याचा काही नेम नव्हता, आणि त्यामुळे आपण पुढच्या फुलाची वाट बघत राहायचो. फटफटलं तसा वरच्या अंगाला साग दिसायला लागला. सागाचं वाळलेलं पान सुटलं की फांद्यांना अडखळत, खरडत खाली येतं आणि जमिनीला टेकताना असा आवाज करतं की कुणी माणूस पाऊल टाकतोय. मी दोनदा मान वळवून बघितलं. अक्का हसली. म्हणाली, तिच्या घरी नवीन आलेली सूनसुद्धा पहिल्या वर्षी अशीच दचकायची, आणि म्हणायची कोण आलं.

ऊन चढल्यावर खालून वारा निघाला. तो आधी खालच्या झाडांत ऐकू आला, मग आमच्या बाजूला, मग आमच्या डोक्यावरून वर सागात गेला आणि सगळ्या पानांचा एकदम खडखडाट झाला. मामांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. खाली कुठेतरी गाईच्या गळ्यातली लाकडी घाटी वाजत होती. एक तांबट पक्षी टुक टुक करत होता, थांबायचं नावच घेत नव्हता.

“वादळ?” मी शेवटी हळूच अक्काला विचारलं.

“आते कोठे वादळ?” ती म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन निघाली.

पारोळ्याला किल्ल्याजवळ मामांच्या बँडची एक खोली आहे. खुंट्यांवर लाल कोट टांगलेले, भिंतीला ढोल लावलेले. तिथं तालीम सुरू झाली. मी रोज जाऊ शकत नव्हतो, रविवारी जायचो, आणि खुर्चीत बसून काठीनं सूचना करायचो. मामांनी ते सहन केलं. मोहाचं फूल ढोलवाल्यानं बोटाच्या टोकानं वाजवायचं ठरलं. अडचण अशी की ढोलवाल्याला आयुष्यभर ताल सांभाळायची सवय, त्याची फुलं लगेच ठेक्यात पडायला लागायची. चौथ्या फुलाला दोन-तीन जणांच्या माना डोलायच्या. “अरे, झाडले ठेका ऱ्हास का?” मामा ओरडायचे. शेवटी त्यांनी त्याला डोळे बांधून बसवलं आणि स्वतः मनाला येईल तेव्हा त्याच्या खांद्याला हात लावायचा असं केलं, तेव्हा कुठं तो मोह जमला.

सागाच्या पानांसाठी साइड ड्रमवर काडीऐवजी खराट्याचे हीर फिरवले. वारा युफोनियमवाल्यानं आणला; सूर न काढता त्यानं नुसती फुंकर घातली आणि ती त्या मोठ्या पितळी तोंडातून अशी बाहेर आली की खुंट्यांवरच्या कोटांच्या झालरी हलल्यासारख्या वाटल्या. मी आणि मामा एकमेकांकडे बघायला लागलो. ट्रम्पेटवाला तेवढा नाराज होता. त्याला पाच मिनिटांत फक्त दोन सूर होते. “यावर लोकांनी नाचायचं कुठून?” तो रोज विचारायचा. शिवाय मी हट्टानं वादळ घालायला लावलंच. शेवटचं अर्धं मिनिट सगळे ढोल, झांजा, आणि ट्रम्पेटवाल्याला मोकळीक. मामा म्हणाले, “भाच्यानं मन मोडाले नको.”

आता हे वाजवायचं कुठं? लग्नात लोक बँड बोलावतात ते नाचायला. पण संधी मिळाली. एप्रिलमध्ये सावद्याला एका लग्नात मामांना मुलीकडच्यांनी बोलावलं होतं. मुलाची वरात भडगावहून यायची होती आणि भडगावहून निघणारी वरात निघता निघता निघते. मुहूर्त टळून तास झाला. मांडवात लोक लग्नपत्रिकांनी वारा घेत बसलेले, आचारी तिसऱ्यांदा विचारून गेलेला. बँडची नाचायची गाणी वाजवून संपली होती, आणि नवरदेवाशिवाय नाचणार कोण? मी त्या दिवशी मुद्दाम धुळ्याहून गेलो होतो. मामांनी माझ्याकडे बघितलं, क्लॅरिनेट खाली घेतली आणि ढोलवाल्याच्या खांद्याला हात लावला.

टप.

मांडवात कुणाचं लक्ष गेलं नाही. टप. टप टप. पुढच्या रांगेतले एक आबा मागे वळून म्हणाले, “माईक टेस्टिंग चालू शे का?” मग खराट्याचे हीर फिरायला लागले, क्लॅरिनेटचा एक लांबलचक सूर निघाला, आणि त्या आबांच्या चेहऱ्यावर काळजी आली. “कोन गयं रे भो?” त्यांनी शेजाऱ्याला विचारलं. ही शंका मांडवात पसरायला वेळ लागला नाही. मुलीचे वडील हात जोडत मामांकडे धावत आले. “नाना, काही चुकनं का आमनं? चहा भेटना नही का?” मामांच्या तोंडात क्लॅरिनेट. ते फक्त भुवया उडवत होते. म्हणून मी काठी टेकत पुढे झालो आणि जमेल तितक्या गंभीरपणे म्हणालो, “हा सातपुडा आहे.”

“कोन सातपुडा?” वडील म्हणाले.

मी उत्तरेकडे बोट केलं. मांडवाची ती बाजू मोकळी होती, केळीच्या बागांच्या वर, उन्हाच्या धुरकटीत, निळसर रेघ दिसत होती. ते तिकडे बघत राहिले. कोणी गेलेलं नाही एवढं त्यांना समजलं आणि ते खुर्ची ओढून तिथंच टेकले. सकाळपासून ते पहिल्यांदाच बसले असावेत.

मागे, मांडवाच्या कडेला, त्यांच्या बागेत केळी कापायला आणि भरायला येणारी पाड्यावरची माणसं सहकुटुंब जेवायला आली होती. तिथून एकदम हसण्याचा आवाज आला. एक बाई उभी राहून शेजारणीला म्हणत होती, “मोह पडी ऱ्हायना वं!” दुसरीनं ऐकलं, मान हलवली, आणि मग खराटा फिरला तेव्हा तिनं दोन्ही हातांनी पान खाली येतं तशी खूण करून दाखवली. त्यांच्यातला एक म्हातारा तर मान वर करून मांडवाच्या कापडाकडे बघत होता. पुढच्या रांगांतले लोक मागे वळून त्यांच्याकडे बघू लागले, काय चाललंय म्हणून, आणि मग ते लोक जे ऐकतायत ते आपणही ऐकावं असं काहीसं झालं. पत्रिका हलायच्या थांबल्या. युफोनियमची फुंकर सुरू झाली. मामांनी डोळे मिटले होते.

आता वादळ. मी काठी वर केली. ढोलवाल्यांनी हात उचलले, ट्रम्पेटवाल्यानं तालमीतला सगळा राग छातीत भरला, आणि रस्त्याच्या वळणावरून भडगावची वरात डीजे घेऊन आत शिरली.

त्यानंतर काय झालं ते मला सांगता येणार नाही, कारण काही ऐकूच आलं नाही. मांडवाचे खांब हलत होते. ट्रम्पेटवाल्याचे गाल फुगलेले दिसत होते, एवढंच. मांडव उठला, नवरदेवाकडे धावला, आणि मामांनी क्लॅरिनेट तोंडातून काढून हसायला सुरुवात केली. ते इतके हसले की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं.

“साहेब, तुनं वादळ ऊनं ना!” ते माझ्या कानात ओरडले. “भडगावथीन ऊनं!”

जेवताना तीन वेगवेगळ्या माणसांनी मला येऊन सांगितलं की बाकी ठीक होतं, पण शेवटचा गडगडाट फार भारी होता. मी मान तुकवून स्वीकारलं. ट्रम्पेटवाला माझ्याशी आठवडाभर बोलला नाही.

तरी ती रचना टिकली. त्या उन्हाळ्यात मामांनी ती सहा-सात लग्नांत वाजवली. वादळ काढून टाकलं, कारण ते आपोआप येतं. लोक तिला सातपुडा म्हणत नाहीत. पारोळ्याला बँड ठरवायला येणारे विचारतात, “ते वरात उशिरा आली की वाजवतात ते येतं ना तुम्हाला?” मी मामांना म्हणालो, याचा आपण निषेध करायला हवा. मामा म्हणाले, वराती उशिरा येणं बंद झालं तर करू.

मे महिन्यात अक्काच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं आणि तिनं बँड सांगितला. वरात वेळेवर आली होती, त्यामुळे आमची पंचाईतच झाली. लग्न लागल्यावर, दुपारी सावलीत, मामांनी तिला समोर खुर्ची देऊन वाजवून दाखवलं. ती बसली नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहिली. सगळं ऐकून घेतलं. सागाच्या पानांना ती किंचित हसली. संपल्यावर मामांनी घाम पुसत तिच्याकडे पाहिलं. अख्ख्या खानदेशातल्या नवरदेवांना घोड्यावर चढवणारा तो माणूस परीक्षेला बसलेल्या पोरासारखा दिसत होता.

“फूल इतलं जोरमा पडस का?” अक्का म्हणाली. “हाऊ तं आंबा पडी ऱ्हायना.”

मामांनी वाद घातला नाही. त्यांनी ढोलवाल्याला बोलावलं, त्याच्या बोटाला आपला रुमाल गुंडाळला, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लावलं. या वेळी ते फूल इतकं हलकं पडलं की मला ते ऐकू येण्याआधी अक्काच्या मानेवरून कळलं.

“हां,” ती म्हणाली. मग मांडवात ताटकळलेल्या पोरीबाळींकडे बघून म्हणाली, “आते नाचानं काही येस का तुम्हले?”

ट्रम्पेटवाला त्याची वाटच बघत होता.